जोडी न लागलेल्या बायका

संचालकांनी माझा सारांश शेवटच्या पानापर्यंत वाचला, कागद टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाले, "फार छान काम झालंय. आता याचं एक वाक्य करा."

वाक्य त्यांच्याकडे तयारच होतं. जुळणीनंतर दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे असल्याचे आढळले. एवढं लिहा, बाकीचं कोणी वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, सारखे झाले ते कोणाला वगळून, हे कुठे लिहू? ते हसले. वगळलेल्यांबद्दल ऐकायला कोणी बोलावत नाही आपल्याला, म्हणाले, आणि फोन उचलला.

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. राग मात्र गेलेला नाही. लोक म्हणतात, राग लिहून काढला की उतरतो. मला तो उतरवायचा नाही, म्हणूनच नीट क्रमाने सांगते.

मी मोहाडी तालुक्यातली. घरी धानाची शेती, बाप शेतकरी, आजा शेतकरी. मी संख्याशास्त्र शिकले, नागपूरला कॉलेजात तासिकेवर शिकवलं आणि त्या तासिकांना कंटाळून भंडाऱ्याला परत आले, तेव्हा एका संस्थेत काम मिळालं. संस्था आरोग्याचे उपक्रम चालवायची आणि त्यांचा उपयोग झाला की नाही हे आकड्यांनी दाखवायची. दाखवण्याचं काम माझं. आईला ते समजावून सांगताना मी एकदा म्हणाले की मी सारख्या सारख्या बायकांच्या जोड्या लावते. तिने ते गावभर सांगितलं. पुढे वर्षभर माझ्याकडे लोक पोरांची स्थळं घेऊन येत राहिले.

उपक्रम गरोदर बायकांसाठी होता. दर आठवड्याला एक ताई घरी जाणार, खाण्याचं पाकीट देणार, लोहाची गोळी डोळ्यांसमोर गिळायला लावणार, वजन करणार, अधूनमधून बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघणार. चांगला उपक्रम होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्या विरोधात होते असं माझ्याबद्दल पसरवलं गेलं. मी उपक्रमाच्या विरोधात कधीच नव्हते.

गावं निवडली ती लाखनीच्या आजूबाजूची, महामार्गाला लागून असलेली. कारण उघड होतं. संस्थेची गाडी तिथे सरळ जाते, पाहुणे आले तर दुपारच्या जेवणाआधी गाव दाखवून परत आणता येतात. मग तुलनेसाठी दुसरी गावं हवी होती, जिथे पाकीट नाही, गोळी नाही, ताई नाही. ती घेतली थोडी मोहाडीकडची आणि बरीचशी तुमसर तालुक्यातली, नाकाडोंगरीच्या पुढची, जंगलाला आणि खाणींना लागलेली. तिथल्या बायकांना फक्त मोजायचं. वजन, उंची, बोटाचं रक्त, बाळ झालं की बाळाचं वजन. ऑफिसात या बायकांना सगळे 'कंट्रोल' म्हणत. "कंट्रोलची गाडी निघाली का?" असं विचारत. सुरुवातीला मला ते ऐकून कसंतरी व्हायचं, नंतर मीही म्हणायला लागले.

आता लाखनीच्या रस्त्यावर ज्यांचं किराणा दुकान आहे, पक्कं घर आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, त्यांची सून एकीकडे. आणि पोटुशी असतानाही पहाटे जंगलात जाऊन मोहफुलं वेचणारी बाई दुसरीकडे. पहिलीचं बाळ जास्त वजनाचं निघणारच. त्यात पाकिटाचं श्रेय किती आणि दुकानाचं किती? हे सांगायचं तर दोन्हीकडून एकसारख्या बायका शोधाव्या लागतात. वय सारखं, शाळा सारखी, जमीन सारखी, दवाखान्यापासूनचं अंतर सारखं, सुरुवातीचं हिमोग्लोबिन सारखं, पहिलटकरीण ती पहिलटकरणीसमोर. मग फरक उरला, तर तो पाकिटाचा म्हणता येतो. याला जुळणी म्हणतात.

माझ्याआधी ही जुळणी बाहेरच्या एका सल्लागाराने केली होती. त्याची पद्धत सोपी. यादीतली पहिली बाई घ्यायची, तिला सगळ्यांत जवळची जोडीदारीण द्यायची, मग दुसरी, मग तिसरी. पहिल्यांचं छान जमतं. शेवटच्यांच्या वाट्याला जे उरेल ते. आमच्याकडे पटासाठी, म्हणजे शर्यतीसाठी, बैलांची जोडी लावणाऱ्याला विचारा, तो सांगेल की सगळ्यांत चांगले दोन आधी जुंपून टाकले की शेवटी एक उंच आणि एक ठेंगणा उरतो, आणि ती जोडी पळत नाही. सल्लागाराच्या यादीच्या शेवटी तसंच झालं होतं. महामार्गावरच्या पदवीधर बाईसमोर जंगलातली कधी शाळेत न गेलेली बाई जोडीदारीण म्हणून लावलेली होती. अशा जोड्यांमध्ये बाळांच्या वजनातला फरक भलामोठा निघाला, आणि तोच फरक संस्थेच्या रंगीत पत्रकावर छापला गेला.

मी सगळं नव्याने केलं. एकेकीचा विचार न करता सगळ्या जोड्यांचा एकत्र विचार करायचा, सगळ्या अंतरांची मिळून बेरीज कमीत कमी व्हायला हवी. आणि एक मर्यादा घालायची. दोघींमध्ये त्याहून जास्त अंतर असेल तर जोडी लावायचीच नाही. खोटी जोडी लावण्यापेक्षा बाई एकटी राहिलेली बरी.

निकाल आला तो असा. जोड्या कमी लागल्या, पण ज्या लागल्या त्या खऱ्या होत्या. लाखनीकडच्या साध्या घरांतल्या बायका आणि मोहाडीकडच्या तशाच बायका. त्यांच्यात पाकिटाचा फायदा दिसत होता. पत्रकावरच्याहून खूप लहान, पण होता. मला त्याचा आनंदच झाला. पण नाकाडोंगरीकडच्या बहुतेक बायकांना जोडीच लागली नाही. त्यांच्यासारखी एकही बाई उपक्रमात घेतलेली नव्हती. म्हणजे ज्यांना पाकिटाची सगळ्यांत जास्त गरज, त्यांना ते दिल्यावर काय होईल हे या अभ्यासातून कळणारच नव्हतं. सारांशात मी तेच लिहिलं होतं. जुळणीआधी गट किती वेगळे होते, नंतर किती जवळ आले, किती जोड्या लागल्या, कोण सुटलं, सुटलेल्या बायका कशा आहेत, आणि त्यांच्याबद्दल हा अभ्यास काहीही सांगू शकत नाही. याचंच त्यांना एक वाक्य हवं होतं.

संचालक लबाड असते तर मला सोपं गेलं असतं. ते लबाड नव्हते. साधे राहत, गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसत, माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी मला न मागता रजा दिली होती. त्यांचा उपक्रमावर खरा विश्वास होता. जरा शंका दाखवली की वरचे लोक हात आखडतात आणि मग पाकीट कोणालाच मिळत नाही, असं ते म्हणत. हा युक्तिवाद इतका समंजस वाटतो की त्याच्यासमोर ओरडणारी बाई वेडी दिसते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. सुटलेल्या बायकांमध्ये काहींचं हिमोग्लोबिन फारच कमी दिसत होतं, सातच्याही खाली. ते आकडे चुकीचे आहेत, म्हणाले, यंत्राचा दोष असणार. इतकं कमी असतं तर बाई चालली कशी असती? त्या नोंदी काढून टाका, म्हणजे सारांशही सुटसुटीत होईल.

मी म्हणाले की काढण्याआधी बघून येते. त्यांनी खांदे उडवले.

माझ्याबरोबर आमची क्षेत्र समन्वयक होती. लाखनीकडचीच मुलगी, अजून पंचविशीही न ओलांडलेली. दोन्ही गटांच्या गावांत मोजमापाची माणसं नेण्याचं काम तिचं. मोहाचे दिवस होते. अंगणाअंगणात फुलं वाळत घातलेली, आणि त्या गोड वासाने माझं डोकं जड झालं होतं. सगळ्यांत कमी आकडा जिचा होता तिच्या घरी आम्ही आधी गेलो. दारात सासू फुलं पसरवत होती. सून आत भिंतीला पाठ टेकून बसली होती, मांडीवर वर्षाचं पोर. पोर बारीक, डोळे मोठे. बाई पुन्हा गरोदर होती, पाचवा महिना.

यंत्र आम्ही नवं नेलं होतं. बोटाला टोचलं, आकडा आला. जुन्या आकड्याहूनही कमी. मी दुसऱ्या बोटाचं घेतलं. तेवढंच. तिच्या पापणीच्या आत पाहिलं तर यंत्राची गरजही नव्हती. कागदासारखं पांढरं.

मी तिला विचारलं, काय होतं, थकवा येतो का.

"धानाच्या बांधीत वाकली का डोळ्यासमोर अंधार येते," ती म्हणाली. "मंग बांधावर बसून रायतो जरा. बाकीच्या बाया रोवत रायतेत. मले पाहून हासतेत."

बाहेरून सासू म्हणाली की रोवण्याला नेलं तर ही अर्ध्या दिवसात बसते, मोहाला नेलं तर झाडाखाली झोपते, मायघरीच कामाची सवय नाही लावली. ती वाईटपणाने बोलत नव्हती. पाऊस कमी पडला म्हणावं तसं बोलत होती. सुनेनेही मान खाली घातली नाही. तिचाही त्यावर विश्वास बसला होता. आपण आळशी आहोत, असं तिला खरंच वाटत होतं.

मी समन्वयक मुलीकडे पाहिलं. या बाईचं रक्त आमच्या माणसांनी मागच्या बाळंतपणाच्या वेळी घेतलं होतं, पुन्हा पुन्हा घेतलं होतं. दर वेळी आकडा आला होता. दर वेळी तो माझ्या फाइलीत येऊन पडला होता. मी तिला बाहेर नेऊन विचारलं, हिला कोणी सांगितलं नाही?

ती रडायला लागली. रडत रडत म्हणाली, "ताई, आमाले बजावून ठेवलं होतं. कंट्रोलच्या बायांले आकडा सांगाचा नाई. सांगतला तर त्या दवाखान्यात जातीन, गोळ्या खातीन, मंग फरकच दिसनार नाई."

तिच्यावर ओरडायचं काही कारण नव्हतं, तरी मी ओरडले. जगात कुठेही असा अभ्यास करताना पहिला नियम असतो की धोक्याचा आकडा दिसला तर माणसाला सांगायचं आणि दवाखान्यात पोहोचवायचं, तो कुठल्याही गटातला असो. मी हे विद्यार्थ्यांना शिकवलेलं. आमच्या कामाच्या आराखड्यातही ते लिहिलेलं होतं. कोणीतरी तोंडी सांगून ते पुसून टाकलं, आणि आम्ही सगळे मोजत राहिलो.

मी परत आत गेले, सासूलाही आत बोलावलं आणि दोघींना सांगितलं. रक्तात लोह फार कमी आहे, खूप दिवसांपासून कमी आहे. अंधार त्यामुळे येतो. ही आळशी नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं.

सुनेने एकच विचारलं. "मंग दरवेळी मोजून कायले जात होत्या जी तुमच्या बाया?"

आपल्याकडे मोजण्यासाठी मोजतात, असं सांगू? तुझ्यासारखी दुसरी कोणी नव्हती म्हणून माझ्या हिशेबात तुझं वजन शून्य धरलंय, असं सांगू? उपक्रमाने तिला घेतलं नाही, कारण तिचं गाव रस्त्यापासून लांब. जुळणीने तिला घेतलं नाही, कारण उपक्रमाने तिच्यासारखीला घेतलं नाही. आणि आता सारांशातूनही तिला काढायला सांगितलं होतं, कारण आकडा इतका वाईट की खरा वाटत नाही. तीन वेळा बाहेर काढून मग वर छापायचं, दोन्ही गट सारखे.

आमच्याच गाडीतून तिला तुमसरच्या दवाखान्यात नेलं. सासू पोराला घेऊन सोबत आली. डॉक्टरने तिला भंडाऱ्याला पाठवलं, तिथे रक्त चढवलं. सिकलसेलची तपासणी झाली, तो आजार नव्हता. साधी लोहाची कमतरता. गोळी वेळेवर दिली असती तर इथवर आलंच नसतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला तिची कोण लागता विचारलं. मी म्हणाले, कोणी नाही.

ऑफिसात परत आले तेव्हा संचालकांना आधीच कळलं होतं. गाडी भंडाऱ्यापर्यंत का नेली, कोणाला विचारून नेली. मी म्हणाले की आकडा खरा होता. ते खुर्चीत मागे टेकले, आणि मला वाटलं की आता हा माणूस उठेल आणि म्हणेल, चला, बाकीच्यांकडे जाऊ. पण ते म्हणाले, "वाईट झालं. पण तुम्ही भावनेच्या भरात गेलात. अहवाल आणि ही बाई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"एकच गोष्ट आहे, सर," मी म्हणाले. "माझ्या सारांशातल्या ज्या ओळी तुम्हाला नको आहेत, त्या ओळींत ही बाई आहे."

त्यावर ते म्हणाले की आकड्यांच्या माणसाने एका बाईवरून निष्कर्ष काढू नये. प्रशिक्षणात मी सगळ्यांना सांगायची ते माझंच वाक्य त्यांनी मला ऐकवलं. मला हसू आलं, रागाचं हसू. मी म्हणाले की मी एका बाईवरून काहीच निष्कर्ष काढत नाहीये, निष्कर्ष तुम्ही काढताय, आणि तोही या बाईला मोजणीतून काढून टाकून. सातच्या खालच्या सगळ्या बायकांचे आकडे त्यांच्या घरी पोहोचवा, असं मी मागितलं. ते म्हणाले, आधी अहवालाची बैठक होऊ द्या.

बैठक भंडाऱ्याला होती. जिल्ह्याचे आरोग्य खात्याचे लोक, पैसे देणाऱ्यांकडून आलेले पाहुणे, पाण्याच्या बाटल्या, हार. मला लॅपटॉपवर बसवलं होतं, संचालक बोलतील तसं चित्र पुढे सरकवायला. ते छान बोलले, नेहमीच बोलत. त्यांनी ते वाक्य वाचलं. जुळणीनंतर दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे. पाहुण्यांनी माना हलवल्या. पुढचं चित्र बाळाला कडेवर घेऊन हसणाऱ्या बाईचं होतं. मी ते लावलं नाही. मी माझा तक्ता लावला.

संचालकांनी वळून पाहिलं. मी उभी राहिले आणि एकेक ओळ वाचली. आधीचे फरक, नंतरचे फरक, लागलेल्या जोड्या. मग शेवटची ओळ, जोडी न लागलेल्या बायका. त्या कुठल्या, दवाखाना त्यांच्यापासून किती लांब, त्यांचं रक्त कसं. त्यांतल्या कितीतरी जणींना त्यांचा आकडा आजवर कोणी सांगितलेला नाही, हेही मी तिथेच बोलले.

एका पाहुण्याने विचारलं की या ओळीचा उपक्रमाच्या यशाशी काय संबंध. माझ्या समोर बसलेल्या आरोग्य खात्याच्या एक वयस्क डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळूनही न बघता मला म्हणाल्या, "आकडे मला आज द्या. आजच."

एवढंच माझं यश. अहवाल छापला गेला तेव्हा पहिल्या पानावर ते वाक्य तसंच होतं, ठळक अक्षरांत. माझी पानं शेवटी, परिशिष्टात, बारीक टाइपात. महिना संपला तसा माझा करार संपला आणि तो पुढे वाढवला गेला नाही. संचालकांनी निरोपाच्या वेळी माझ्यासाठी शाल आणली होती. मी ती टेबलावरच ठेवून आले. माझ्या जागी कोण आलं मला माहीत नाही. उपक्रमाचा दुसरा टप्पा मंजूर झाला आणि त्याची गावं समन्वयक मुलीने मला फोनवर वाचून दाखवली. एक सोडून सगळी पुन्हा रस्त्यावरची.

आकडे मात्र त्या डॉक्टरीणबाईंमार्फत उपकेंद्रांवर पोहोचले. नर्सबाई घरोघर जाणारच होत्या, तरी त्या उन्हाळ्यात मी आणि ती मुलगी तिच्या स्कूटीवरून स्वतः हिंडलो. काही बायका माहेरी गेलेल्या, काही नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर. ज्या सापडल्या त्यांना सांगितलं, गोळ्यांची सोय करून दिली. एका घरी सासरा दारातच उभा राहिला आणि नुसता हात हलवला. नाही, असा. शेजारणीने मागून येऊन सांगितलं की सून बाळंतपणात गेली, माघ महिन्यात.

रक्त कमी होतं म्हणूनच गेली, असं मी म्हणू शकत नाही. बाळंतपणात बाई जायची कारणं अनेक असतात, आणि जिने विद्यार्थ्यांना कारणं शोधायची शास्त्रशुद्ध पद्धत शिकवली, तिने एका घटनेवरून कारण सांगू नये. मी सांगत नाही. पण तिचा आकडा माझ्याकडे होता आणि तिच्याकडे नव्हता, एवढं मला नक्की माहीत आहे. त्या रस्त्याने परत येताना मुलीने मध्येच स्कूटी थांबवली आणि आम्ही दोघी बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर बसून राहिलो. ती संस्थेत अजून काम करते. घरी म्हातारे आईबाप आहेत, सोडून जाणार कुठे. तिला मी दोष देत नाही. आता ती सगळ्यांना आकडा सांगते, म्हणाली, कोणी काही म्हटलं तरी.

मी सध्या तुमसरला एका खासगी शिकवणीत गणित शिकवते. आई म्हणते, कशाला तोंड उघडलंस. वडील काही म्हणत नाहीत. एकदा फक्त म्हणाले की बांध फुटला तर ज्याला दिसला त्यानंच ओरडायचं असतं, शेत कोणाचं ते मागून बघता येतं.

त्या पहिल्या बाईचं बाळंतपण रोवणे चालू असताना झालं. मुलगी झाली, चांगल्या वजनाची. मला फोन तिने स्वतः केला, आवाजात दम होता. मी बघायला गेले. मनात, खोटं कशाला बोलू, थोडी अपेक्षा होती की घरातले दोन शब्द बरे बोलतील. सून बाहेर आली, तोंडावर रंग आलेला, मुलीला माझ्या हातात दिलं. मोठं पोर तिच्या लुगड्याला धरून उभं. सासू ओसरीवर सूप घेऊन बसली होती. मी तिला म्हणाले, आता सून बरी झाली.

तिने सूप खाली ठेवलं.

"बरी केली म्हून पाया पडू का तुमच्या?" ती म्हणाली. "मी हिले आळशी म्हटलं. हिच्या मायले नाव ठेवलं, गावात सांगत फिरलो. पयलं पोर पोटात होतं तवाही पान्याचे गुंडे हिच्याच डोक्यावर देल्ले. मले का ठाऊक होतं? तुमाले ठाऊक होतं. तुमी लोक बोटाचं रक्त घेऊन जात होत्या आन् जानत होत्या."

सुनेने तिला गप्प करायचा प्रयत्न केला, पाहुणी आहे म्हणाली. मी म्हणाले, बोलू द्या. पण म्हातारीला जे म्हणायचं होतं ते तिने आधीच म्हटलं होतं. इतक्या दिवसांत, ऑफिसात, बैठकीत, छापलेल्या अहवालात जे कोणी म्हटलं नव्हतं ते तिने म्हटलं होतं, आणि ते माझ्या तोंडावर म्हटलं होतं. माझा तिच्यावर जरासुद्धा राग नव्हता.

मुलगी माझ्या हातात झोपली. सून चहा ठेवायला आत गेली. सासूने सूप उचललं आणि उठून मागच्या अंगणात निघून गेली. चहा होईपर्यंत ती आली नाही, आणि मी निघाले तेव्हाही नाही.